'अ' की 'द', 'हायली' की 'स्ट्राँगली': गूगल एनग्राम व्ह्यूअर लेखनासाठी किती कामाचा?

गूगल एनग्राम व्ह्यूअर डिसेंबर २०१० मध्ये खुला झाला तो भाषेचा आणि संस्कृतीचा इतिहास चाळणाऱ्या संशोधकांसाठी. स्कॅन केलेल्या छापील पुस्तकांमध्ये एखादा शब्द किंवा शब्दसमूह कोणत्या वर्षी किती प्रमाणात आला, याचा आलेख तो काढून देतो. इंग्रजीत अहवाल, अर्ज, प्रबंध, ईमेल लिहिणाऱ्यांनी मात्र त्याला वेगळ्याच कामाला जुंपलं आहे. इथे 'अ' लावायचा, 'द' लावायचा की काहीच नाही? या क्रियापदाशेजारी कोणतं क्रियाविशेषण शोभतं? हे परीक्षण तेवढ्याच कामापुरतं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. क्रियाविशेषणाची जोडी जुळवायला उत्तम, ठरीव वाक्प्रचारांतल्या आर्टिकलसाठी चांगला, आणि 'अ' की 'द' या खऱ्या डोकेदुखीवर जवळपास निरुपयोगी. या शेवटच्या कामात तर तो चुकीचं उत्तर इतक्या ठामपणे दाखवतो की त्यापेक्षा अंदाजाने लिहिलेलं परवडलं.

आधी तीन सेटिंग पाहा

पत्ता बुक्स डॉट गूगल डॉट कॉम आणि पुढे स्लॅश एनग्राम्स. खातं नको, लॉगिन नको, पैसे नकोत. वरच्या चौकटीत दोन-तीन पर्याय स्वल्पविरामाने वेगळे करून टाकायचे आणि एंटर दाबायचं. पण साधन जसं उघडतं तसंच वापरलं तर दिशाभूल होते.

पहिलं सेटिंग वर्षांचं. आलेख आपोआप १८०० पासून सुरू होतो. आजचं इंग्रजी लिहायचं असेल तर सुरुवात १९८० करावी. नाहीतर एकोणिसाव्या शतकातला उंच डोंगर बघून त्यालाच आजचा वापर समजलं जातं. दुसरं कॉर्पस, म्हणजे पुस्तकांचा संच. नुसतं 'इंग्लिश' न ठेवता 'ब्रिटिश इंग्लिश' किंवा 'अमेरिकन इंग्लिश' निवडावं. आर्टिकलच्या बाबतीत या दोन इंग्रजींत खरा फरक आहे, आणि एकत्र संचात त्याची खिचडी होते. तिसरं स्मूदिंग. ते मुळात ३ वर असतं, म्हणजे प्रत्येक वर्षाचा आकडा हा ते वर्ष आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची तीन-तीन वर्षं यांची सरासरी असतो. आपल्या कामाला हे ठीक आहे. एखादी रेषा मध्येच संशयास्पद फुगलेली दिसली तर ते शून्यावर आणून पाहावं. एका वर्षातल्या मोजक्या पुस्तकांचा तो प्रताप असेल तर लगेच उघडा पडतो.

दोन मर्यादा पहिल्यापासून लक्षात ठेवायच्या. शोध जास्तीत जास्त पाच शब्दांचा असतो. आणि किमान ४० पुस्तकांत न आलेला शब्दसमूह विदेत, म्हणजे साधनाच्या डेटात, धरलेलाच नाही. त्यामुळे 'सापडला नाही' असा संदेश आला, तर तो या साधनाने दिलेला सर्वांत भरवशाचा सल्ला समजावा. स्पेलिंग बरोबर असताना चाळीस पुस्तकांतही न सापडलेली रचना अर्जात घालण्याचं कारण नाही. याच्या उलट मात्र खरं नाही. सापडली म्हणजे बरोबर, असं मुळीच नाही, आणि तो भाग पुढे सविस्तर येतो.

क्रियाविशेषणं: इथे पैकीच्या पैकी

चौकटीत तारका टाइप करा, तिला चिकटून अंडरस्कोअर, मग कॅपिटलमध्ये ए-डी-व्ही ही तीन अक्षरं, एक जागा सोडून 'रेकमेंड'. साधन त्या क्रियापदाआधी सर्वांत जास्त वेळा आलेली दहा क्रियाविशेषणं एकाच आलेखात मांडतं. दहाच, त्याहून जास्त नाही. तारका नुसती ठेवली तर 'टू', 'वुड', 'आय' असलाच केरकचरा वर येतो, म्हणून ए-डी-व्हीची खूण टाळू नये. हीच युक्ती विशेषणांनाही चालते. 'डिफरंट'च्या आधी काय काय बसतं, 'अनलाइकली'च्या आधी काय, हे अर्ध्या मिनिटात कळतं.

या जोड्यांना नियम नाही, म्हणूनच व्याकरणाचं पुस्तक इथे हात टेकतं. 'डीपली रिग्रेट', 'बिटरली डिसअपॉइंटेड', 'सीरियसली इल', 'हायली अनलाइकली', 'वाइडली अव्हेलेबल', 'हेव्हिली डिपेंडंट', 'फुली अवेअर'. अर्थ बघता सगळीकडे 'व्हेरी' किंवा 'व्हेरी मच' चाललं असतं, पण त्याने लेखन शाळकरी वाटतं, आणि काही ठिकाणी ('व्हेरी रेकमेंड', 'व्हेरी अग्री') सरळ चूक होते. क्रियापदाला 'व्हेरी' एकटं लागत नाही.

आता एक पायरी पुढे. 'हायली रेकमेंड' आणि 'स्ट्राँगली रेकमेंड' या दोन्ही रेषा दमदार आहेत. मग निवडायचं कसं? इथे बहुतेकजण जी रेषा वर ती उचलतात आणि तिथेच चुकतात. दोन्हींच्या शेपटीला पुढचा शब्द जोडून पुन्हा शोधावं. 'स्ट्राँगली रेकमेंड दॅट' ही रेषा 'हायली रेकमेंड दॅट'च्या खूप वर राहते. कारण उघड आहे. 'असं करा' हा सल्ला द्यायचा असतो तिथे 'स्ट्राँगली' येतं, आणि एखाद्या वस्तूची किंवा माणसाची तारीफ करायची असते तिथे 'हायली'. पुढचा एक शब्द घेतल्याशिवाय हा फरक आलेखात उमटत नाही. कोणतीही जोडी दोन शब्दांवर सोडू नका, तीन किंवा चारपर्यंत न्या.

क्रियाविशेषणाची जागाही अशीच तपासता येते. 'कॅन ऑल्सो' विरुद्ध 'ऑल्सो कॅन', 'स्पीक इंग्लिश फ्लुअंटली' विरुद्ध 'स्पीक फ्लुअंटली इंग्लिश'. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये, हा नियम आलेखात स्वच्छ दिसतो. पण कर्म लांबलचक असेल तर इंग्रजी हा नियम मोडू देतं. 'एक्सप्लेन्ड क्लिअरली' म्हणून पुढे आठ-दहा शब्दांचं कर्म आलं तर ते चुकीचं नाही. पाच शब्दांच्या खिडकीतून ही लांबी दिसणार कशी? हा सापडलेला अपवाद पाहून आखूड कर्माआधी तसं लिहिलं की वाक्य अडखळतं.

'हार्ड' आणि 'हार्डली' यांच्याबाबत तर साधनावर विसंबूच नये. 'वर्क हार्डली' टाका, रेषा मिळेल. ती 'खूप मेहनत करतात' या अर्थाची नसते. बहुतेक ठिकाणी 'वर्क' हे नाम असतं आणि 'हार्डली' पुढच्या क्रियापदाचं, म्हणजे 'त्याचं काम क्वचितच...' अशा वाक्यांतली. 'वर्क'ला अंडरस्कोअर आणि कॅपिटलमध्ये 'व्हर्ब' जोडलं की बराच कचरा गळतो, सगळा नाही. या खुणा माणसांनी लावलेल्या नाहीत, संगणकाने लावलेल्या आहेत आणि त्या मधूनमधून चुकतात. 'लेट-लेटली', 'निअर-निअरली', 'हाय-हायली' यांची तीच गत. 'ली' लागला की अर्थच बदलतो, आणि आलेख अर्थ मोजत नाही.

आर्टिकल: जिथे साधन खरंच उपयोगी पडतं

उच्चारावरून 'अ' की 'ॲन' ठरवायचं असतं, स्पेलिंगवरून नाही, हे शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरी 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन', 'वन-टाइम' यांच्याआधी 'ॲन' आणि 'अवर', 'ऑनेस्ट', 'एमबीए' यांच्याआधी 'अ' सर्रास लिहिलं जातं. अशा जोड्या एनग्राममध्ये टाकल्या की शंका मिटते. 'हिस्टॉरिक'आधी दोन्ही रेषा दिसतील, 'अ' वर आणि 'ॲन' खाली. 'ॲन हिस्टॉरिक' ही जुनी लकब अजून जिवंत आहे, चूक नाही, पण आज मुद्दाम उचलण्यासारखीही नाही.

ब्रिटिश-अमेरिकन फरक हा या साधनाचा दुसरा गड. 'इन हॉस्पिटल' आणि 'इन द हॉस्पिटल' ही जोडी दोन्ही संचांत पाहावी. रुग्ण म्हणून दाखल असणं ब्रिटिश इंग्रजीत 'द' शिवाय येतं, अमेरिकनमध्ये 'द' सकट. 'ॲट युनिव्हर्सिटी'चंही तेच. 'इन फ्यूचर' जरा निराळं आहे. ब्रिटिश लेखक ते 'यापुढे' या अर्थाने वापरतात आणि 'इन द फ्यूचर' हे 'भविष्यात कधीतरी' या अर्थाने. अमेरिकन मंडळी दोन्हीकडे 'द' ठेवतात. दस्तऐवज कोणत्या वाचकासाठी आहे ते ठरवून संच निवडावा आणि शेवटपर्यंत तोच पाळावा.

आणि 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स'. हा प्रकार फार दिसतो. 'मोस्ट स्टुडंट्स' किंवा 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स', मधलं काही नाही. 'मेजॉरिटी ऑफ' वाक्याच्या सुरुवातीला 'द' किंवा 'अ' शिवाय टाकणं ही त्याचीच भावंडं.

सापळे

आता मुख्य गोष्ट. 'ॲन इन्फर्मेशन' टाकून पाहा. रेषा नुसती सापडत नाही, चांगली ठसठशीत दिसते. 'इन्फर्मेशन' मोजता न येणारं नाम आहे, त्याला 'ॲन' लागत नाही, हे शंभर वेळा वाचलेला माणूसही ती रेषा पाहून डळमळतो. ती रेषा आली 'ॲन इन्फर्मेशन सिस्टिम', 'ॲन इन्फर्मेशन डेस्क' अशा शब्दसमूहांमधून. 'ॲन' आहे तो 'सिस्टिम'चा, 'इन्फर्मेशन'चा नाही. 'अ रिसर्च' येतं 'अ रिसर्च पेपर'मधून, 'अ फर्निचर' येतं 'अ फर्निचर स्टोअर'मधून, 'ॲन ॲडव्हाइस' येतं 'ॲन ॲडव्हाइस कॉलम'मधून. साधन शब्द मोजतं, ते शब्द एकमेकांचे कोण लागतात हे या साध्या शोधात बघत नाही.

उपाय सोपा आहे. नामाच्या पुढे असा शब्द जोडायचा की ते नाम तिथे संपलंच पाहिजे. 'ॲन इन्फर्मेशन अबाउट', 'अ रिसर्च ऑन', 'ॲन ॲडव्हाइस टू'. आणि शेजारी आर्टिकल नसलेली रचना ठेवायची. रेषा एकदम तळाशी जाते किंवा नाहीशी होते. थोडीफार शिल्लक राहिली तर तिच्यामागे बहुधा कायद्याची पुस्तकं असतात. इंग्रजी कायद्यात 'ॲन इन्फर्मेशन' हा आरोप दाखल करण्याचा एक प्रकार आहे आणि तिथे तो मोजता येतो, अगदी अनेकवचनातही.

'इन हॉस्पिटल'लाही हाच रोग आहे. त्यात 'इन हॉस्पिटल बेड्स', 'इन हॉस्पिटल केअर' मोजले गेलेले असतात. म्हणून 'इन हॉस्पिटल फॉर' आणि 'इन द हॉस्पिटल फॉर' अशी तुलना करावी.

दुसरा सापळा 'ऑफ'चा. 'निसर्गात' या अर्थाने 'इन नेचर' लिहायचं की 'इन द नेचर'? आलेखात 'इन द नेचर' भक्कम दिसेल, कारण 'इन द नेचर ऑफ थिंग्ज' आणि तशा शेकडो रचना त्यात आहेत. 'इन द सोसायटी', 'द लाइफ', 'द एज्युकेशन' यांनाही पुढचा 'ऑफ' असाच फुगवतो. एकूण समाज, एकूण आयुष्य, एकूण शिक्षण म्हणायचं असेल तर 'द' नको. यावर एनग्राममध्येच उतारा आहे, वजाबाकी. कंसात 'इन द सोसायटी', मग दोन्ही बाजूंना जागा सोडून वजाचं चिन्ह, मग 'इन द सोसायटी ऑफ', आणि कंस बंद. शेजारी स्वल्पविराम देऊन नुसतं 'इन सोसायटी'. वजाच्या चिन्हाभोवती जागा सोडली नाही तर साधन त्याला जोडशब्दातली रेघ समजतं. उत्तर काटेकोर नसतं, कारण टक्केवारी त्या त्या लांबीच्या शब्दसमूहांमधली असते आणि इथे तीन शब्दांतून चार वजा होतात. पण कौल द्यायला पुरतं.

तिसरा सापळा सर्वांत महाग पडणारा. 'इन केस ऑफ' आणि 'इन द केस ऑफ' एकत्र टाका. 'द' असलेली रेषा कितीतरी वर. एवढ्यावरून 'आग लागल्यास' या सूचनेत 'इन द केस ऑफ फायर' लिहिलं तर ते चूक ठरतं. 'द' शिवाय अर्थ होतो 'तसं घडलंच तर', 'द' सकट अर्थ होतो 'च्या बाबतीत'. पुस्तकांत दुसऱ्याची गरज जास्त पडते, इतकंच त्या रेषेचं म्हणणं आहे. 'आउट ऑफ क्वेश्चन' नाही, 'आउट ऑफ द क्वेश्चन' हे ती बरोबर सांगेल. पण 'फ्यू' की 'अ फ्यू', 'लिटल' की 'अ लिटल', 'अ नंबर ऑफ' की 'द नंबर ऑफ' हे तिला विचारणंच चूक. 'फ्यू' म्हणजे नसल्यात जमा, 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत. 'अ नंबर ऑफ'पुढे क्रियापद अनेकवचनी, 'द नंबर ऑफ'पुढे एकवचनी. हे अर्थाचे प्रश्न आहेत, बहुमताचे नाहीत.

जे या साधनाला येणारच नाही

अहवालात एका यंत्राचा उल्लेख पहिल्यांदा येतो आणि दोन परिच्छेदांनंतर पुन्हा. पहिल्यांदा 'अ मशीन', नंतर 'द मशीन'. कारण दुसऱ्या वेळी वाचकाला कोणतं ते ठाऊक आहे. कधी पहिल्याच उल्लेखाला 'द' लागतो. 'अ कार' म्हटल्यावर 'द इंजिन' लगेच चालतं, गाडीला इंजिन एकच असतं म्हणून. हा निर्णय वाचकाच्या डोक्यात काय आहे त्यावर होतो, आणि पाच शब्दांच्या तुकड्यात ते नसतं. विदा वाक्याच्या सीमा ओलांडत नाही, मग परिच्छेदाची गोष्ट दूरच.

म्हणून क्रम असा ठेवावा. नाम मोजता येणारं आहे का, ते शब्दकोशात पाहावं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांच्याही शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत नामापुढे सी (मोजता येणारं) किंवा यू (मोजता न येणारं) अशी खूण असते, आणि तिन्ही संकेतस्थळांवर मोफत दिसतात. 'एक्सपिरिअन्स', 'पेपर', 'वर्क' अशा शब्दांना दोन्ही खुणा असतात, तेव्हा आपला अर्थ कितव्या क्रमांकाचा ते बघायचं. मोजता येणारं एकवचनी नाम असेल तर ते उघडं सोडायचं नाही, काहीतरी लागणारच: 'अ', 'द', 'माय', 'धिस', काहीही. मग प्रश्न, कोणतं ते वाचकाला कळतं का. कळत असेल तर 'द'. हे सगळं झाल्यावर ठरीव वाक्प्रचाराची शंका उरली तरच एनग्राम उघडायचा. पुष्कळ लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात.

इतर साधनांशी तुलना

ग्रामर्ली आणि लँग्वेजटूल यांसारखी तपासनीस साधनं वेगळं काम करतात. राहून गेलेलं आर्टिकल, 'अ'च्या जागी हवं असलेलं 'ॲन' यावर ती रेघ ओढतात, आणि घाईच्या ईमेलला तेवढं बस होतं. 'अ' की 'द' इथे तीही चाचपडतात. दोन्ही व्याकरणदृष्ट्या चालत असतील तर रेघ येत नाही, आणि रेघ नाही म्हणजे बरोबर असा समज होतो. 'ओन्ली' वाक्यात चुकीच्या जागी पडला तरी सहसा तेच घडतं. वाक्य शुद्ध, अर्थ भलताच.

क्रियाविशेषणांसाठी एनग्रामचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे स्केच इंजिन या कॉर्पस-साधनवाल्यांचं शिकणाऱ्यांसाठीचं स्केल (SkELL). तेही मोफत आणि लॉगिनशिवाय. शब्द टाकला की पूर्ण वाक्यांची उदाहरणं मिळतात, आणि 'वर्ड स्केच' उघडलं की त्या क्रियापदासोबत येणारी क्रियाविशेषणं, कर्मं, कर्ते वेगवेगळ्या रकान्यांत लावून मिळतात. व्याकरणातलं नातं बघून याद्या केलेल्या असल्याने 'इन्फर्मेशन सिस्टिम'सारखा घोळ तिथे कमी होतो. एकच सोय वापरायची असेल तर क्रियाविशेषणांसाठी स्केल घ्यावं. दोन रचनांची समोरासमोर कुस्ती लावायची असेल, किंवा ब्रिटिश-अमेरिकन फरक बघायचा असेल, तर एनग्राम. अमेरिकन इंग्रजीचा कोका (COCA) हा कॉर्पस याहून बारकाईचा आहे. १९९० ते २०१९ मधलं शंभर कोटींहून जास्त शब्दांचं लेखन-भाषण, तेही बोलणं, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं, शोधनिबंध असं वेगळं लावलेलं. पण नोंदणी करावी लागते, मोफत शोधांना रोजची मर्यादा आहे आणि शोधाची भाषा शिकायला एक संध्याकाळ तरी जाते.

एनग्रामचा पुस्तकसंचही निर्दोष नाही. लाखो खपाचं पुस्तक आणि कुणी न उघडलेला अहवाल यांचं वजन तिथे सारखंच. विसाव्या शतकात शास्त्रीय लेखनाचा वाटा वाढत गेला आहे, यावर संशोधकांनी २०१५ मध्येच बोट ठेवलं होतं. प्रबंध लिहिणाऱ्याला हे पथ्यावर पडतं. ईमेल किंवा संवाद लिहिणाऱ्याने 'इंग्लिश फिक्शन' हा संच घ्यावा, बोलीच्या तो थोडा जवळ आहे.

मोबाइलवर वापरताना एक खोड सांभाळावी लागते. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि एनग्रामला कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतो. त्यामुळे शोध नकळत वाक्याच्या किंवा शीर्षकाच्या सुरुवातीच्या वापरापुरता उरतो, आणि 'सापडला नाही' हा एरवी भरवशाचा संदेशही खोटा ठरू शकतो. साध्या शोधाला 'केस-इनसेन्सिटिव्ह'ची खूण करून हे टळतं. तारकेच्या शोधासोबत ती खूण चालत नाही, तेव्हा पहिलं अक्षर हाताने लहान करूनच एंटर दाबावं.